राम आळीतलं दुकान पाडण्याआधी

पणजी, रविवार

प्रिय विन्या,

तुझा मेसेज वाचला. फोनवर मिटणारा विषय नाही, म्हणून सरळ पत्रच लिहितो. दुकान पाडून चार मजले चढवायची बिल्डरची ऑफर, तुझ्या चुलत भावांची घाई, आणि वर तुझं पालुपद की रत्नागिरीचा सगळा बाजार मारुती मंदिराकडे सरकला, राम आळीत आता काय उरलंय! पणजीच्या जुन्या भागाचं काय झालं ते सांग म्हणतोस. सांगतो, पण पर्यटन खात्याच्या जाहिरातीतलं नाही.

फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीची रंगीत घरं सरकारने सजवली आणि मग लोक बघायला आले, असा तुझा समज दिसतोय. तसं नाही रे. मोझांबिकहून पैसा कमावून आलेल्या एका ‘मोसमीकरा’ची ही माडांची बाग. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे वस्ती होऊ लागली, 1843 मध्ये पणजी राजधानी झाली तशी ती दाटली, आणि पुढे लोक तिथे पिढ्यान् पिढ्या राहत गेले, दरवर्षी पावसाळ्यानंतर रंग काढत गेले. घरं टिकली ती एवढ्यामुळे. जिथे राहणारे गेले तिथली पडली. 1968 च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर जुनी भाडी इतकी तुटपुंजी राहिली की मालकाला कौलं चाळणंही परवडेना. त्यात इथला पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा, मुलगा-मुलगी सगळ्यांना वाटा. एकेका घराचे वारस लिस्बनपासून कॅनडापर्यंत पांगलेले. सही कोण करणार? कुलूप लागतं ते लागतंच. तुमचं तरी भावाभावांत आहे, आणि सगळे एसटीने येऊ शकतात!

माझ्या मते पणजीला खरा हात मिळाला तो 2004 मध्ये. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला. गोवा मेडिकल कॉलेज (जीएमसी) शहराबाहेर बांबोळीला गेल्यामुळे त्याची पणजीतली जुनी इमारत रिकामी होती. ती न पाडता दुरुस्त केली, बाजूला थिएटरं बांधली. 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शनंही तिथे भरतात. संध्याकाळी माणसं चालत येतात, चालता चालता खातात, खरेदी करतात. याउलट मांडवीतल्या कॅसिनोंचा पैसा. हॉटेलं भरतात, नाही म्हणत नाही. पण गडी टॅक्सीतून उतरतो तो थेट बोटीत चढतो. बाजाराच्या वाट्याला येते ती फक्त ट्रॅफिकची कोंडी.

मग स्मार्ट सिटी. 2016 मध्ये पणजी यादीत आली आणि पुढे एक वेळ अशी आली की अख्खं शहर एकदम खणलेलं. जमिनीखालचे पाईप बदलायलाच हवे होते, तेच खरं काम. पण एक गल्ली पुरी करून दुसरीला हात घालता आला असता. दुकानांत पांढऱ्या धुळीचा थर, गिऱ्हाईक दारापर्यंत पोचेना. 2024 च्या एप्रिलमध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती स्वतः रस्त्यांची पाहणी करायला उतरले, यावरून काय ते समज. तुमच्या नगरपरिषदेने उद्या सुशोभीकरण काढलं तर पहिल्या बैठकीत गटाराचा उतार आणि दुकानं किती दिवस बंद राहणार तेवढं विचार. दिव्यांचे नक्षीदार खांब मागाहून येऊ देत.

आता तुझ्या भिंतींचं. मार्चमध्ये पणजीतल्याच मळा भागात एका ओळखीच्यांच्या घराचं काम बघत होतो. गवंडी बोटाच्या पेराने भिंत ठोकत चाललेला. पोकळ वाजलं की खडूने गोल. जांभ्यावर कोणीतरी पूर्वी सिमेंटचा गिलावा केलेला. जांभा पाणी पितो, चुन्याच्या गिलाव्यातून ते सुकून जातं, सिमेंटमागे मात्र कोंडतं. छिन्नी लावली तशी पोळपाटाएवढी खपली सुटली आणि आतला चिरा चक्क ओला. तुझी माडीची मागची भिंत दर वर्षी फुगते ती याच कारणाने, पैज लाव. इमारत ‘धोकादायक’ आहे हे बिल्डरच्या इंजिनिअरकडून ऐकू नको, बाहेरचा माणूस आण.

फोंतेन्हासचंही आता सगळं गोड नाही. प्री-वेडिंगवाले सकाळी सकाळी लोकांच्या पायऱ्यांवर, म्हणून दारांवर ‘फोटो काढू नका’च्या पाट्या. घरांचे होमस्टे झाले, कॅफे झाले. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत येतो तेव्हा पूर्वीपेक्षा कमी दारं उघडतात. पैसा आला, शेजार पातळ झाला. म्हणून मी तुला कॅफे काढ असंही म्हणणार नाही.

खाली भुसारी दुकान चालू ठेव. ते बंद ठेवून तीन वर्षं बांधकाम चाललं तर गिऱ्हाईक तुझी वाट बघत बसणार नाही. माडी नीट करून एखाद्या नोकरदार कुटुंबाला दे, लीव्ह अँड लायसन्स नोंदवून. भाड्यातला वाटा भावांना लिहूनच दे, घाई आपोआप कमी होईल. चार मजल्यांच्या गाड्या त्या आळीत लावणार कुठे, हे बिल्डरला विचारलंस का?

प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद आधी उरक. आणि माडीच्या तुळया भिंतीत शिरतात तिथले फोटो पाठव, वाळवी तिथेच लागते. गणपतीला येतोय, एक दिवस लवकर निघेन, तेव्हा वर चढून बघू. तोवर कशावरही सही करू नको.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
संज्या