मथळ्यातली जमात काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला शहर पानावरचा मथळा वाचून गप्प बसायचं ठरवलं होतं. रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटे उठून लिहायला बसलो. 'पारधी टोळीच्या मुसक्या आवळल्या.' खाली बातमीत चौघांची नावं आहेत, वयं आहेत, गावं आहेत. मग वर जमात कशाला? मुसकी मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात. मी शेतकऱ्यांच्या गावात वाढलोय, मला ते माहीत आहे. चोरी केली असेल तर शिक्षा होऊ द्या, मी कोणाची वकिली करत नाही.

त्याच पानावर खाली पतसंस्थेची बातमी आहे. 'ठेवी प्रकरणी संचालकाला अटक.' संचालक. तिथे जात नाही, टोळी नाही, मुसक्या नाहीत. तसंच असायला हवं. त्या माणसाच्या जातभाईला काल दूध डेअरीवर कोणी वेगळ्या नजरेने पाहिलं नसेल. माझ्याकडे पाहिलं, कारण मी पारधी आहे. नेहमी 'या सर' म्हणणारा माणूस काल काही बोलला नाही, गल्ल्याचं ड्रॉवर मात्र त्याने पुढे सरकून लावून घेतलं. त्याला आमची जात दोन वर्षांपूर्वी कळली, नातवाच्या दाखल्यावरून.

तुम्हाला वाटेल, म्हातारा फार मनाला लावून घेतो. म्हणून एक सांगतो. बारा वर्षं झाली, घराबाहेर कधी बोललो नाही.

मुलगी जळगावला नर्सिंगला होती. पिंप्राळ्यात एका घरी खोली घेतली होती, दोन मैत्रिणी सोबत. आमचं आडनाव चव्हाण, त्यामुळे खोली मिळताना कोणी काही विचारलं नाही. घरमालकीण काकू मोठ्या मायेच्या. पोरीला ताप आला तेव्हा त्यांनी दोन दिवस भात-वरण वर नेऊन दिलं होतं. पुढे जात पडताळणीच्या अर्जाची झेरॉक्स पोरीच्या टेबलावर राहिली आणि ती काकूंनी पाहिली. पाहून काही बोलल्या नाहीत. आठ-दहा दिवस सगळं पूर्वीसारखंच होतं. आणि मग एका सकाळी पेपरात असाच मथळा आला. गाव वेगळं, माणसं वेगळी, शब्द हेच.

संध्याकाळी घरमालक घडी घातलेला पेपर हातात घेऊनच वर गेले. पोरीने मला फोन केला. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी टेम्पो घेऊन गेलो. घरमालक ओट्यावर उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, पोर चांगली शे, पन लोके इचारतस." डिपॉझिट त्यांनी पूर्ण परत दिलं, एक रुपया कापला नाही, हेही सांगितलं पाहिजे. गादी, स्टोव्ह, पुस्तकं टेम्पोत चढली. शेवटी ट्रंक राहिली. काकू पुढे आल्या आणि म्हणाल्या, "एकदा उघडून बघू का, बेटा? राग नको मानू."

पोरीने त्यांना हात लावू दिला नाही. स्वतः ट्रंक उचलून ओट्यावर आणली आणि उलटी केली. कपडे, आतले कपडे, पांढरा युनिफॉर्म, आईने दिलेला शेवेचा डबा, सगळं बाहेर. गल्लीतली चार माणसं बघत होती. मी बाप असून उभा राहिलो. काकू रडत होत्या, तरी त्यांनी एकेक वस्तू नीट पाहिली. मला आजही राग त्यांचा येत नाही, त्या हातातल्या घडी घातलेल्या पेपरचा येतो.

त्या वेळच्या बातमीतल्या चौघांपैकी दोघांना पुढे कोर्टाने निर्दोष सोडलं. त्यातला एक आमच्या लांबच्या नात्यातला, म्हणून कळलं. मी निकालाची प्रत घेऊन पेपरच्या कार्यालयात गेलो होतो. टेबलावरच्या तरुणाने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, आणि सांगितलं की सुटल्याची बातमी होत नाही, सर. मग विचारलं की मथळ्यात जात कुणी घातली. तर म्हणे पोलिसांच्या प्रेस नोटमध्येच तसं होतं. प्रेस नोट पोलिसांची, मान्य. पण पेपर तर तुमचा आहे ना? प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे की एखाद्या जातीला कमीपणा येत असेल तर बातमीत जातीची ओळख टाळावी. ती मी तुम्हाला शिकवायची म्हणजे मला संकोच वाटतो.

माझे आजोबा टाकणकार, म्हणजे पारध्यांतलेच. खांद्यावर छिन्नी-हातोडीची पिशवी घेऊन गावोगाव फिरायचे, जात्याला टाकी लावायचे. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की दळण भरड पडायचं, तेव्हा बायका त्यांची वाट बघत. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आजोबा सांगायचे की मुक्कामाच्या गावी आधी पोलीस पाटलाकडे हजेरी, मग जातं. गावात बकरी हरवली तरी पहिली झडती पालाची. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. माझा जन्म त्यानंतरचा आहे. माझ्या मुलीचा तर कितीतरी नंतरचा. तरी ओट्यावर ट्रंक उलटी करायची पाळी तिच्यावर आली.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींच्या माणसांना जन्मावरून सराईत धरणाऱ्या तुरुंग नियमावल्यांतल्या तरतुदी रद्द केल्या, त्यांना मनमानी अटक होऊ नये हे बघायला पोलिसांना सांगितलं. याचिका कोणाची होती? सुकन्या शांता यांची. त्या पत्रकार आहेत, तुमच्याच व्यवसायातल्या. त्या निकालावर तुम्ही अग्रलेख लिहायला हवा होता. मी आठवडाभर रोज बघत होतो.

'टोळी' या शब्दाची मला भीती वाटते. १ जुलै २०१८ चा रविवार आठवा. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजारात मंगळवेढ्याकडची पाच माणसं आली होती, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेकरी. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. तो पाडा आदिवासींचा होता. मी स्वतः आदिवासी आहे, मला त्याची लाज आजही वाटते. सगळा दोष तेव्हा मोबाइलवरच्या अफवेवर गेला, आणि त्याला अफवा कारण होती हे खरंच आहे. पण फिरस्ता, परक्या बोलीचा माणूस दिसला की टोळी, ही सवय लोकांना एका दिवसात लागली नाही. वर्षानुवर्षं सकाळच्या चहाबरोबर ती वाचायला मिळाली आहे.

जाता जाता अजून एक. ९ ऑगस्टच्या, आदिवासी दिनाच्या पुरवणीत तुम्ही सातपुड्यातल्या नाचाचा मोठा रंगीत फोटो छापलात. ढोल वाजवणारे पुढचे गृहस्थ पावरा समाजातले, माझे मित्र. धडगावकडे तीस वर्षं शिक्षक होते, केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. फोटोखाली काय छापलं? 'पारंपरिक वेशात आदिवासी बांधव'. बाजूच्या फोटोत वृक्षारोपण करणाऱ्या नऊ जणांची डावीकडून नावं होती. मित्राने तो अंक जपून ठेवला आहे, नातवंडांना दाखवतो. मला ते बघवत नाही. त्यांना नाव विचारायला तुमच्या फोटोग्राफरला कितीसा वेळ लागला असता?

माझी मागणी लहान आहे. कालच्या मथळ्यातली जमात चूक होती, एवढ्या दोन ओळी त्याच पानावर, त्याच जागी छापा. आतल्या पानावर, जाहिरातीखाली नको. या चौघांचा निकाल लागेल तेव्हा, दोषी ठरोत की सुटोत, तोही त्याच जागी येऊ द्या. बारा वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणाच्या निकालाची प्रत अजून माझ्याकडे आहे. सोमवारी अकरा वाजता ती घेऊन कार्यालयात येतो. त्या दोघांबद्दलही दोन ओळी राहिल्या आहेत.

पत्रात काटछाट करायची असेल तर राईनपाड्याचं आणि पुरवणीचं कापा, ट्रंकेचं कापू नका. लिहू का म्हणून काल रात्री मुलीला विचारलं होतं. ती हो म्हणाली. आता ती सिव्हिलला स्टाफ नर्स आहे, नवऱ्यासोबत गेल्या महिन्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. सोसायटीत अजून कोणाला माहीत नाही. म्हणून नाव, पत्ता, फोन तुमच्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जळगाव