खेळणं नव्हे, मॉडेल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी चित्रपटांवर आणि त्यांच्या नव्या अवतारांवर एक लेख होता. १९६५ चा ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ त्यात ‘संथ’ ठरला आणि २००४ चा ‘वेगवान, आजचा’. त्याही पुढे जाऊन लेखकाने विमानाचा आराखडा करणाऱ्या डॉर्फमनला ‘खेळण्यांचा कारागीर’ म्हटलं आहे. ‘संथ’ मी सोसलं असतं. ‘खेळण्यांचा’ वाचल्यावर राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात ३३ वर्षं टूलरूममध्ये होतो. निवृत्त झाल्यापासून मुलांना बाल्साच्या हलक्या लाकडाची ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची छोटी विमानं, करायला शिकवतो. जुना चित्रपट मी आयटीआयला असताना अलका टॉकीजला पाहिला. संवाद निम्मे डोक्यावरून गेले, पण पडद्यावरचे हात काय करताहेत ते सगळं समजत होतं.

सहारात वाळूच्या वादळाने एक मालवाहू विमान पडतं. फेअरचाइल्ड सी-८२, दोन इंजिनं आणि शेपटाकडे जाणारे दोन लांब दांडे असलेलं. प्यायचं पाणी मोजकं, शोधायला कुणी येण्याची आशा नाही. डॉर्फमन म्हणतो, मोडक्यातून एका इंजिनाचं नवं विमान करू. वैमानिक टाउन्सला, म्हणजे जेम्स स्टुअर्टला, हा हेकट पोरगा डोळ्यासमोर नको असतो. दोघांना सांभाळता सांभाळता टाउन्सचा सहकारी मोरान याचा जीव मेटाकुटीला येतो. तो झालाय रिचर्ड अ‍ॅटनबरो, पुढे ‘गांधी’ काढला तोच.

काम जवळजवळ पुरं होतं तेव्हा टाउन्स आणि मोरानला कळतं की डॉर्फमनने आजवर फक्त मॉडेल विमानं केली आहेत, माणसं नेणारं एकही नाही. मोरान वेड्यासारखा हसत सुटतो. तो प्रसंग पाहताना थिएटरातही हशा झाला होता, तेव्हा मीही हसलो. डॉर्फमनला मात्र आपण काही लपवलं असं वाटतच नाही. मॉडेलला आणि मोठ्या विमानाला नियम तेच लागू, हे त्याचं साधं म्हणणं.

ते किती खरं आहे हे मला वेताळ टेकडीवर समजलं. मोठं विमान कलायला लागलं तर सावरायला आत वैमानिक असतो. आमचं ग्लायडर हातातून सुटलं की त्याला कुणीच नाही. त्याचा समतोल त्याच्या अंगातच असावा लागतो. पंखांखाली दोन बोटं धरून तोल बघायचा, शेपूट जड वाटलं तर नाकावर शाडूचा गोळा लावायचा, पुन्हा बघायचं. चिमूटभर शाडू कमी पडला तरी ग्लायडर नाक वर करतं, थबकतं आणि खाली येतं. हे काम करणाऱ्याला खेळण्यांचा कारागीर कसं म्हणायचं? डॉर्फमन झालेल्या हार्डी क्रुगरने त्याचा दुखावलेला मान ज्या ताठपणे दाखवला आहे, तो पाहून मला आमच्या टूलरूममधले दोन-तीन जण आठवतात.

आता ‘संथ’बद्दल. इंजिन सुरू करण्याचा प्रसंग लेखकाने पुन्हा पाहावा. स्टार्टरला काडतुसं लागतात. काडतुसाच्या धुराच्या दाबाने इंजिन फिरतं. काडतुसं आहेत सात. चार वाया जातात. मग टाउन्स इग्निशन बंद ठेवून पाचवं उडवतो, नुसतं सिलिंडर साफ करायला. डॉर्फमन जिवाच्या आकांताने ओरडतो. माझ्या शेजारचा मित्र म्हणाला, “म्हातारा येडा झाला.” मला आमची सासवडजवळची विहीर आठवली. डिझेल इंजिन हँडल मारून मारून घेईना, की वडील डिझेल बंद करायचे, डिकॉम्प, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडणारा खटका, उचलायचे आणि ते रिकामंच गरगरा फिरवायचे. आई म्हणायची, दमायचं कशाला फुकट? पुढच्या हँडलला इंजिन घ्यायचं. टाउन्सचंही सहाव्या काडतुसाला घेतं. पुस्तकातलं ज्ञान डॉर्फमनचं आणि हाताला कळलेलं टाउन्सचं, त्या एका काडतुसात दोघांची गाठ पडते. ती पडायला आधीचा वेळ लागतोच. दिग्दर्शक अल्डरिचने तो दिला.

नवा चित्रपट मी दोनदा पाहिला. गोबीचं वाळवंट, बंद पडलेल्या तेलविहिरीवरची माणसं, सी-८२ चा थोरला भाऊ म्हणावं असं सी-११९. चित्रीकरण नामिबियात झालं आहे आणि वाळवंट डोळ्यांत भरतं. विमान पडतानाचा प्रसंग जुन्याहून कितीतरी थरारक आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. वैमानिक झालेला डेनिस क्वेडही मन लावून काम करतो. पण कथेतली तहान आणि काम या दोन गोष्टींवर दिग्दर्शकाचाच विश्वास नाही. म्हणून तस्करांची टोळी आणली आहे, आणि शेवटी उड्डाणाच्या वेळी ती हत्यारं घेऊन मागे लागते. जुन्यातही डोंगराआड थांबलेल्या टोळीकडे प्रवाशांतला लष्करी कॅप्टन आणि डॉक्टर मदत मागायला जातात आणि मारले जातात. पण तिथे शेवटचं उड्डाण होतं ते पाणी संपत आलंय म्हणून. कुणी पाठलाग करत नाही. नव्यात बांधणीचं काम एका ठेक्याच्या गाण्यावर उरकलं आहे, माणसं डोलत डोलत हातोडे मारतात. पंख उचलून बसवायला किती माणसं लागतात, ती कुठे कमी पडतात, हे बघायला मी बसलो होतो आणि तेवढंच पटकन गेलं.

लेखात आणखी एक गोष्ट यायला हवी होती. जुन्यासाठी खरोखर उडणारं एक विमान जुळवलं होतं. ८ जुलै १९६५ ला ते उडवताना पॉल मांट्झ हे वैमानिक गेले. चित्रपटाच्या शेवटी त्यांच्या नावाची पाटी येते. अलकात तोवर लोक उठून चालायला लागले होते, मीही उठलो होतो. नव्या चित्रपटासाठी असा कुणाचा जीव गेला नाही याचं मला समाधानच आहे. पण त्या चित्रपटाला संथ म्हणण्याआधी लेखकाने ती पाटी वाचायला हवी होती.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत ‘खेळण्यांचा कारागीर’ ऐवजी ‘मॉडेल विमानांचा डिझायनर’ अशी दुरुस्ती छापावी. आणि लेखकाला जमलं तर कुठल्याही रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीवर यावं. शाडू मी आणतो, मुलं ग्लायडर आणतात.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर
कोथरूड, पुणे