आधी आवाज आत आला

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट परवा मिळालं. तुझ्या छोटीने लिहिलेली गोष्ट त्याच संध्याकाळी वाचली, काल पुन्हा वाचली. फोनवर तू विचारलंस, "यात काही आहे का, की नुसतंच पोरखेळ?" आणि मी हो-नाही करत राहिले. असल्या गोष्टी मला फोनवर धड बोलता येत नाहीत, तुला माहीतच आहे. इथे आता दुपारी चारलाच अंधारून येतं. म्हटलं, दिवा लावावा आणि सावकाश लिहावं.

तू झेरॉक्स काढून ठेवली असशील तर तिसरं पान समोर घे. वरून पाचवी ओळ बघ. तिने आधी लिहिलंय, 'आधी आवाज आत आला, मग आजी.' ते खोडून वर बारीक अक्षरात, 'आजीने दारातून हाक मारली.' मग तेही खोडलंय, आणि समासात पुन्हा तेच पहिलं वाक्य, या वेळी पेन दाबून. झेरॉक्समध्ये हे कळणार नाही, पण इथे पान उलटं करून बोट फिरवलं की ती अक्षरं हाताला लागतात.

ताई, मला एवढं पुरेसं आहे. बाकीची गोष्ट तिच्या वयाची आहे. मधेच हरीण येतं, का येतं ते कळत नाही, आणि शेवटी सगळं स्वप्न निघतं. ते राहू दे. पण ते दुसरं वाक्य व्याकरणात चोख होतं, शाळेच्या वहीत त्यावर बरोबरची खूण पडली असती, तरी तिने ते काढून टाकलं. आजी येते तेव्हा कसं होतं ते त्यात नव्हतं. आधी जिन्यात आवाज, मग दारात आजी. तिने तो क्रम वाक्यात जसाच्या तसा ठेवला. असं शिकवून येत नाही. तो कान असतो, आणि तिला तो तुझ्याकडून आलाय असं मी ठामपणे म्हणेन.

मला वाचता येत होतं तरी तू वाचून दाखवायचीस, आठवतं? भीतीची जागा आली की सगळे आवाज चढवतात. तू उतरवायचीस. इतका खाली आणायचीस की मला पांघरुणातून सरकत तुझ्याजवळ यावं लागे. आणि मग एके दिवशी तू मनातल्या मनात वाचायला लागलीस. डोळे ओळींवरून चाललेले, ओठ मिटलेले. मी म्हटलं, "मोठ्याने वाच ना." तू म्हणालीस, "थांब गं, हे माझं पुस्तक आहे." तू समोर बसलेली असून दार लावून कुठेतरी निघून गेलीस असं मला वाटलं होतं.

खूप वर्षांनी ख्रिस्ती संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनात तोच प्रसंग भेटला तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. ऑगस्टीन 384 साली इटलीतल्या मिलानला आला. तिथला बिशप अँब्रोज मोठा विद्वान. त्याला भेटायला लोक जात, तर हा वाचत बसलेला. डोळे पानावरून फिरतायत, मन अर्थ शोधतंय, पण आवाज आणि जीभ गप्प. कोणी आलंय हे सांगायचीही तिथे पद्धत नव्हती. लोक बराच वेळ गुपचूप बसत आणि उठून जात. ऑगस्टीन तर्क करतो, की मोठ्याने वाचलं तर ऐकणारा मधेच शंका काढेल म्हणून असेल, किंवा त्याचा घसा लवकर बसतो, तो जपायला असेल. मनात वाचणं तेव्हा कोणाला जमतच नव्हतं असं मात्र समजू नकोस, अभ्यासक आता तसं मानत नाहीत. पण मोठ्याने वाचणं इतकं नेहमीचं होतं, की गप्प वाचणाऱ्यासाठी कारण शोधावंसं वाटलं. तिथे गुपचूप बसून राहिलेला ऑगस्टीन मला फार जवळचा वाटतो.

त्या काळी लॅटिन लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नसत. ओळभर अक्षरं सलग. आपल्या जुन्या पोथ्याही तशाच. वाचणाऱ्याने उच्चारत जायचं, शब्द कुठे तुटतो ते कान सांगतो. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडमधले मठवासी शब्दांमध्ये नेमाने जागा सोडू लागले. लॅटिन त्यांची घरातली भाषा नव्हती, शिकलेली होती, म्हणून शब्द डोळ्यांना सुटे दिसावे लागत. परक्या भाषेत माणूस आधी डोळ्यांनी चालतो.

हे मी उगाच सांगत नाही. माझं मराठीत तेच होत चाललं होतं.

मागच्या महिन्यात मी कादंबरीची 140 पानं बाजूला काढली. तुला सांगितलं नाही, कारण तू काळजी करत बसली असतीस. अडीच महिने रोज लिहीत होते, ठरलेल्या वेळी, ठरलेली दोन पानं, आणि वाटायचं छान चाललंय. मग एका संध्याकाळी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतलं. सातव्या पानावर घसा अडला. मी लिहिलं होतं, 'त्याच्या चेहऱ्यावर एक स्मित पसरलं.' खाली आणखी, 'तिने स्वतःला खिडकीपाशी उभं असलेलं पाहिलं.' असं कोण बोलतं, ताई? आपला माणूस हसतो, फार तर गालातल्या गालात हसतो. आणि खिडकीशी आपण कधी येऊन उभ्या राहिलो हे तिचं तिलाच कळलेलं नसतं. ही वाक्यं इंग्रजीत जन्मली होती, मी फक्त त्यांना मराठी कपडे घातले होते. दिवसदिवस मराठी कानावर पडत नाही, पडतं ते फोनवर, आठवड्यातून दोनदा. डोळ्यांना काही खटकत नव्हतं, कारण डोळे दिवसभर तेच वाचत होते.

पानं वाचत गेले आणि पेन्सिलने टिंब देत गेले. 22 पानं टिकली. दोन दिवस जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू. मग बाकीची सुतळीने बांधली आणि कपाटावर ठेवली.

आता सकाळी लिहायच्या आधी अर्धा तास मोठ्याने वाचते. जुनी पत्रं, आठवणी, कोणाचंही बोलीतलं गद्य. मनातल्या मनात वाचताना मी ओळी गिळते, शेवट आधीच गाठते. मोठ्याने वाचताना ते चालत नाही, प्रत्येक शब्दावरून जावंच लागतं. लेखकाने श्वास कुठे घेतला तिथे आपल्यालाही घ्यावा लागतो. तेवढा वेळ त्याचा दम आपल्या छातीत असतो. मला वाचनातलं एवढं मोठं सुख दुसरं माहीत नाही. त्यानंतर वहीत पहिलं वाक्य येतं ते बोलल्यासारखं येतं. दोन पानं आता होत नाहीत. कधी पाऊण, कधी चारच ओळी. त्या चार ओळी मी कोणालाही वाचून दाखवेन.

छोटीने शेवटच्या पानामागे पेन्सिलने लिहिलंय, 'मावशी, ही गोष्ट कोण वाचणार?' तू पाहिलंस का ते? हा प्रश्न मलाही रोज पडतो, परदेशात मराठीत लिहिणाऱ्या बाईला तर जास्तच. तिला एमिली डिकिन्सनची गोष्ट सांग. अमेरिकेतल्या अ‍ॅम्हर्स्टची कवयित्री. 1886 मध्ये गेली. हयातीत जेमतेम दहा कविता छापल्या गेल्या. तिने बजावलं होतं, म्हणून धाकट्या बहिणीने, लॅव्हिनियाने, तिला आलेली पत्रं जाळून टाकली. आणि मग तिला कविता सापडल्या. कागद दुमडून दोऱ्याने शिवलेल्या चाळीस वह्या, शिवाय सुटे कागद, उघडलेल्या पाकिटांच्या झडपांवर लिहिलेल्या ओळी. मिळून जवळजवळ अठराशे. एका घरात राहून बहिणीला इतक्यांचा पत्ता नव्हता. लॅव्हिनिया स्वतः कवयित्री नव्हती. पण या छापल्याच पाहिजेत म्हणून तिने लोकांच्या मागे लागून लागून 1890 मध्ये पहिलं पुस्तक काढायला लावलं.

कविता लिहिणारीबद्दल सगळे बोलतात. मी त्या बहिणीचाच विचार करते. ती वही उघडून पहिली ओळ वाचतानाचा.

तर छोटीला सांग, दोघींनी वाचली आहे, आईने आणि मावशीने. गोष्ट दुरुस्त करू नकोस, हरणालाही हात लावू नकोस. रात्री तिला शेजारी घे आणि तिचीच गोष्ट तिला मोठ्याने वाचून दाखव, एकदा, न थांबता. तू कुठे अडखळतेस ते तिचं तिला ऐकू येईल. पेन्सिल तिच्याच हातात दे. मूळ पानं जपून पाठवते आहे, पाकीट मात्र मी ठेवून घेतलं.

आणि तिसऱ्या पानावर आलीस की आवाज उतरव, पूर्वी उतरवायचीस तसा.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी