मालवणच्या मावशींना, पेडव्यांच्या त्या सकाळीबद्दल

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. मालवणच्या बाजारात सकाळी तुम्ही कुठे बसता ते ज्यांना माहीत आहे, ते ओळखतीलच.

मी घाटावरची. सासरे आजारातून उठले, पण तोंडाची चव गेलेली. पेज, वरणभात, काही नको. एकच धोशा, ‘पेडव्यांचं तिखलं कर.’ पेडवे म्हणजे बारीक चंदेरी मासळी, आणि तिखलं म्हणजे तिचं तिखट कालवण. आदल्या दिवशी मी दुसरीकडून पेडवे म्हणून बांगडे आणले, तेही शिळे. बाबांनी एक घास घेऊन ताट सरकवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी तुमच्या पाटीसमोर उभी होते.

लिलावातून नुकतेच बांगडे उचलून तुम्ही बर्फावर मांडत होतात. गिऱ्हाइकांची रीघ लागलेली. तरी माझं सगळं ऐकून घेतलंत. एक बांगडा उचललात आणि कल्ला उघडून आतला लालभडक रंग दाखवलात. ‘डोळो फसयता, कल्लो नाय.’ मग पोटावर माझंच बोट दाबायला लावलंत, घट्ट लागलं पाहिजे म्हणून. आणि म्हणालात, ‘पेडवे हय नाय गावाचे. दांडयेर रापण लागली असतली, थंय चल.’ शेजारच्या काकींना पाटी सांभाळायला सांगून तुम्ही चालूसुद्धा लागलात.

वाटेत तुम्ही रापणीचंच, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीचंच, बोलत होतात. पूर्वी एका ओढीत किती मासळी यायची, आणि आता मासळीचा थवाच घेरणारी पर्ससीनची मोठी जाळी नि मासळीला भुलवणारे एलईडीचे दिवे बाहेरच्या बाहेर सगळं कसं उपसून नेतात. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ सालीच बंदी घातली आहे. तरी दिवे दिसतात, असं तुम्ही म्हणालात. मालवणचा पाहुणा किल्ला बघून, थाळी जेवून जातो. ताटातल्या मासळीमागची ही काळजी त्याने एकदा तुमच्या तोंडून ऐकावी, असं मला फार वाटतं.

दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चालू होतं. होडीने अर्धगोल सोडलेलं जाळं, दोन टोकांचे दोन दोर, आणि प्रत्येक दोरावर म्हातारेकोतारे, पोरं, बायका मागे रेलून पाऊल पाऊल सरकत होत्या. मी बाजूला उभी राहिले, तर तुम्ही पाठीत हलकेच ढकललंत, ‘दोराक हात लाव, मगे माशे.’ ओला, खरखरीत दोर. दहा मिनिटांत तळवे लाल झाले. जाळ्याचा झोळ वाळूवर आला तेव्हा आत बारीक चांदी वळवळत होती. पेडवे! होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचा असे वाटे पडले, आणि दोराला हात लावला म्हणून दोन ओंजळी माझ्याही पिशवीत आले. मी पैसे काढले, ते कुणी घेतले नाहीत.

मावशी, पत्र लिहायला बसले ते मात्र पुढच्या गोष्टीसाठी. आपण परतलो तेव्हा ऊन चढलं होतं. बाजार पांगला होता, बर्फाचं पाणी झालं होतं आणि निम्मे बांगडे तसेच पाटीत पडून होते. निघताना जो वाटा दीडशेला जात होता, तो तुम्ही माझ्यादेखत शंभराला दिलात. मला एका शब्दाने जाणवू दिलं नाहीत. ‘तिरफळा घाल हां, विसरा नको,’ एवढंच म्हणालात आणि पाटी धुवायला घेतलीत. तुमच्या धंद्याचा दिवसातला तोच एक तास असतो, आणि तो तुम्ही मला दिलात. तेव्हा माझ्या तोंडून धड आभारही फुटले नाहीत.

वासाला तिरफळं घातली, आंबटपणाला सोलं घातली. बाबा दोन वेळा भात मागून जेवले. ताटाच्या कडेला काट्यांची ओळ लावली होती, अगदी सरळ. सासूबाई ती बघत कितीतरी वेळ तिथेच बसून राहिल्या.

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते. नारळी पौर्णिमा झाली, रापणी पुन्हा लागल्या की बाबांना घेऊन येते. त्यांना दोर ओढता येणार नाही, पण तुमच्या शेजारी बसून कल्ले बघायचे आहेत म्हणतात.

तुमची,
पेडवेवाली सून