सिस्टर, पेटीवरच्या न दाबलेल्या त्या काळी तीनबद्दल

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

क्लासच्या लेकरांच्या गाण्याचा कार्यक्रम होऊन आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी तीनदा तुमच्या दारात आले आणि तिन्ही वेळा तुम्ही "आभार कसले गं, बस, चहा टाकते" म्हणून विषय बदललात. समोर बसून तुम्ही मला बोलू देणार नाही, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. जालन्यात भेटेल तो माणूस माझं अभिनंदन करतोय. नवी रचना, सव्वीस लेकरं, बावीस मिनिटं, सगळं श्रेय माझ्या पदरात टाकून मोकळा होतोय. ते ऐकून घेताना मला अवघडल्यासारखं होतं, कारण त्यातलं निम्म्याहून जास्त तुमचं आहे.

जूनमधला तो रविवार तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा नुकत्याच ओव्या जमवल्या होत्या. क्लासच्या मुलींना सांगितलं होतं की आपापल्या आजीकडून, पणजीकडून जात्यावरची एक तरी ओवी लिहून आणा. अंबडकडच्या एका मुलीनं आणलेली ओवी मनात घर करून बसली:

पाऊस पडतो गं गोदेच्या पल्याड,
बंधवाचं रान माझ्या राहिलं अल्याड.

नदीच्या पलीकडं पडणारा पाऊस नुसता बघत बसणं काय असतं, ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या ओव्यांना मी भूप रागात चाल लावली आणि सगळ्या लेकरांना एकत्र बसवून गायला शिकवत होते. तुम्ही जिन्यावरून वर आलात, दारातल्या खुर्चीवर बसलात, सगळं ऐकलंत. आणि शेवटी मला बाजूला घेऊन विचारलंत, "सगळी एकच गातायत, मग इतकी लेकरं कशाला बोलावलीस?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न अगदी खरा होता. आमच्याकडं एकत्र गाणं नाही असं नाही. कीर्तनकारामागं टाळकरी उभे राहून जीव तोडून गातात, काकड्याला अख्खं गाव गातं. पण सगळे एकच चाल गातात. आणि ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाणं, शिकणाऱ्या मुलांना तर तेवढीही सवय नाही. नांदेडच्या पं. नाथराव नेरळकरांसारख्या गवयांनी तेव्हाच्या औरंगाबादेत वर्षानुवर्षं शिष्य घडवले, त्या आणि तसल्या शिकवणीतूनच मराठवाड्यातल्या गावोगावच्या क्लासांत ख्याल पोचला. तो वारसा मोठा आहे. पण त्यात गाणारा एकटा असतो. एक तंबोरा, एक तबला, एक गळा. प्रवेशिकेपासून विशारदपर्यंत माझ्या लेकरांना प्रत्येक परीक्षेत एकेकटंच बसवलं गेलं होतं. शेजारचा काय गातोय ते ऐकत गा, असं त्यांना मी सुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तुम्ही मात्र लहानपणापासून दुसऱ्याचा सूर ऐकत गात आलात. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हापासून या भागातल्या ख्रिस्ती घरांत गाणं आहे, हे मला पुस्तकी माहीत होतं. त्या गाण्यात एकीकडं ना. वा. टिळकांची पेटी-टाळावरची मराठी भजनं आणि दुसरीकडं चार आवाजांत बांधलेली विलायती चालींची गीतं, दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात, हे तुमच्या घरी आल्यावर कळलं. तुम्ही नर्सची नोकरी करत चाळीस वर्षं चर्चमध्ये आल्टो गायलात. वरचा गोड सूर नेहमी दुसऱ्यांच्या वाट्याला, तुमच्याकडं मधला. "मधला सूर कुणाला ऐकू येत नाही, पण काढून घेतला तर सगळ्यांना कळतं," हे तुम्ही मला तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही दाखवताना म्हणालात. वहीत डो-रे-मीची अक्षरं चार ओळींत एकाखाली एक लिहिलेली. मी त्यांच्याखाली पेन्सिलनं सा-रे-ग लिहीत गेले, तुम्ही लिहू दिलंत.

पहिली अडचण पट्टीची होती, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला सा धरायचा त्याची. मुलं काळी एकला गाणार, मुली पांढरी पाच नाहीतर काळी चारला. दोघांना एकाच षड्जावर, एकाच सा वर, आणलं की कुणाचा तरी गळा दाबला जातो. पं. जसराजांनी मांडलेली जसरंगी मला माहीत होती: गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत, आपापला वेगळा राग गातात, पण मूर्च्छनेच्या, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलण्याच्या, हिशोबानं दोघांचे सूर तेच पडतात. तसं काही करावं असं मनात होतं, पण लेकरांना ते कसं पटवावं ते सुचत नव्हतं. मी फळ्यावर आकडेमोड करत होते आणि लेकरं जांभया देत होती.

तेव्हा तुम्ही पेटी पुढं ओढलीत आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवल्यात. पाचच पट्ट्या, पांढरीला बोट नाही. मुलींना म्हणालात, काळी तीन हा तुमचा सा, गा बघू. त्यांनी भूप गायला. मग मुलांना म्हणालात, काळी एक हा तुमचा सा. त्यांनी त्याच पाच पट्ट्यांवर दुर्गा राग गायला. पट्ट्या तुम्ही बदलल्याच नव्हत्या. मुलांचा मध्यम तो मुलींचा षड्ज, मुलींचा पंचम तो मुलांचा षड्ज. मागच्या रांगेतल्या एका पोरानं उठून पेटीजवळ येऊन खरंच पाचच पट्ट्या आहेत का ते मोजून बघितलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. एका तंबोऱ्याची पहिली तार पंचमात, दुसऱ्याची मध्यमात, आणि दोन्ही तंबोऱ्यांत मिळून सूर दोनच. अख्खी रचना मी त्या रात्रीपासून नव्यानं लिहायला घेतली.

अर्थात गणित जुळलं म्हणून गाणं जुळत नाही. पहिले दोन महिने मुलं मुलींच्या षड्जाकडं ओढली जायची, मुली मुलांच्या. समेवर दोघांनी आपापल्या सा वर यायचं, तर सगळे एकाच सुरावर जाऊन आदळायचे. "तुझा सा तुझ्याजवळ ठेव, तिचा तिच्याजवळ राहू दे, फक्त तिचा ऐकत राहा." हे तुम्ही किती वेळा म्हणालात त्याची गणती नाही. काळी दोनवर तर आणखी नाजूक दुखणं होतं. मुलांचा तो रिषभ, मुलींचा धैवत. पेटीवर एकच पट्टी, पण दोघांचे कान तो सूर किंचित वेगळ्या जागी मागत होते आणि दोन्ही एकत्र धरले की आवाज थरथरायचा. तुम्ही पेटी बंद केलीत, डोळे मिटायला लावलेत आणि थरथर थांबेपर्यंत तोच एक सूर धरायला सांगितलात. एका संध्याकाळी अर्धा तास फक्त तेवढंच झालं. मी अधीर झाले होते. तुम्ही झाला नाहीत.

आणि तो श्वास! लांब सूर धरला की सव्वीसच्या सव्वीस लेकरं एकाच जागी श्वास घ्यायची आणि गाण्यात भगदाड पडायचं. तुम्ही बॉलपेननं प्रत्येकाच्या तळहातावर एक आकडा लिहिलात, एक ते चार. एक नंबरवाल्यांनी पहिल्या मात्रेला श्वास घ्यायचा, दोनवाल्यांनी तिसऱ्या, असं. मग तुम्ही रांगेतून फिरत एकेकाचं मनगट हातात धरायच्या, नाडी बघतात तसं, आणि त्याच्या श्वासाची जागा आली की हळूच दाबायच्या. काही लेकरांच्या हातावर कार्यक्रमाच्या दिवशीही आकडे होते. ती तालीम संपून बरेच दिवस झाले होते, आकड्यांची गरज उरली नव्हती. त्यांनी ते आपले आपण लिहून घेतले होते.

एका मुलीच्या वडिलांनी ऑगस्टमध्ये येऊन स्पष्टच विचारलं होतं की पंचविसांत उभं राहून आमच्या पोरीचं नाव कसं होणार, स्पर्धा बुडतायत. त्यांचं काही चुकत नव्हतं, बापाला काळजी असतेच. मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही त्यांना सुशीलाची, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वाटी हातात देऊन तालमीला बसवून घेतलंत. ते तासभर बसले. दुसऱ्या रविवारी मुलीला सोडायला स्वतः आले आणि थांबले. पुढं तेच पातेली उचलायला असायचे. दर रविवारी सव्वीस लेकरांना पुरेल एवढी सुशीला, कधी धपाटे, मोसंबीच्या दिवसांत मोसंबी, हे सगळं तुमच्या पेन्शनमधून आलं. मी दोनदा पैसे पुढं केले आणि दोन्ही वेळा तुम्ही रागावलात.

नऊ दिवस आधी ठरलेला हॉल गेला. कुणाचा, का, ते लिहीत नाही; त्यांचं त्यांना लखलाभ. एका ओळखीच्यांनी मंगल कार्यालय दिलं, पण तिथं टाळी वाजवली तरी चार टाळ्या ऐकू यायच्या. माईक लावून तर नुसता गलका. तुम्ही भिंती बघितल्यात आणि लेकरांना म्हणालात, घरून एकेक गोधडी आणा. चाळीसच्या वर गोधड्या आल्या. मंडपाच्या दोऱ्या बांधून त्या तिन्ही भिंतींवर टांगल्या आणि आवाज बसला. ज्या आज्ज्यांच्या ओव्या होत्या त्यांनीच शिवलेल्या गोधड्यांमध्ये त्या ओव्या गायल्या गेल्या, हे कार्यक्रमाच्या दिवशी माझ्या लक्षात आलं, आणि मग मला निवेदन करता येईना.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. बऱ्याच जणांना ते कळलंही नसेल.

दुसरा भाग. पावसाची वाट बघण्याचा. तिथं पखवाज नाही, पेटी नाही, तंबोरेही थांबवलेले. फक्त गळे, जवळजवळ दोन मिनिटं, आणि शेवटी तुम्ही पेटीवर काळी तीन धरायची की तिसरा भाग सुरू. मुलं दमली होती, थंडीही होती. साधारण मिनिटभरानं सूर उतरायला लागला. मला कळलं, कारण माझ्या पोटात गोळा आला. मुलींनी ते ऐकलं आणि भांडल्या नाहीत, मुलांबरोबर खाली आल्या. सहा महिन्यांपूर्वी त्या आपल्या जागी ताठ उभ्या राहिल्या असत्या आणि गाणं तिथंच फाटलं असतं. सगळे मिळून उतरले, म्हणून समोरच्यांना काही जाणवलं नाही. पण पेटी काही उतरत नाही. तुम्ही ठरल्या जागी पट्टी दाबली असती तर सव्वीस लेकरं बेसूर आहेत हे एका क्षणात सगळ्या सभागृहाला कळलं असतं.

मी हात वर केला होता. खुणेची जागा आली. तुमचा डावा हात भात्यावर होता, उजव्या हाताचं बोट काळी तीनच्या वर, अगदी टेकायला आलेलं. आणि तुम्ही दाबलं नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाहीत. मान वळवून तंबोऱ्यावरच्या दोघींकडं बघितलंत आणि फक्त पापणी हलवलीत. त्या दोघींनी जोडाच्या, सा च्या, तारांना बोट लावलं, इतकं हळू की मला आधी दिसलं आणि मग ऐकू आलं. पेटीचा सूर कापतो, तंबोऱ्याचा बोलावतो, हे तुम्हीच कधीतरी म्हणाला होतात. लेकरं त्या आवाजाच्या मागं मागं वर सरकली. मधल्या आवाजाच्या मुली आधी पोचल्या, मग मुलं. मला ते बारा-पंधरा सेकंद फार मोठे वाटले. सूर जागेवर आल्यावर तुम्ही बोट टेकवलंत, आणि पेटी अशी आत शिरली की ती तिथं आधीपासूनच होती असं वाटलं.

लोक म्हणाले, दुसऱ्या भागाच्या शेवटाला अंगावर काटा आला, पाऊस लांबून जवळ येतोय असं वाटलं. मी ते तसं लिहिलेलं नाही, सिस्टर. ते तुम्ही त्या क्षणी केलंत, आणि माझ्या लेकरांना चारचौघांत पडू दिलं नाहीत.

पत्रिकेत नाव छापू नका म्हणालात, मी ऐकलं. त्याचा मला आता पस्तावा होतोय. पुढच्या वेळी छापणार आहे, आधीच सांगून ठेवते. शहागडला गोदेच्या काठी पुन्हा गायचं असं मुलांनी परस्पर ठरवलं आहे. अंबडकडच्या त्या आज्जींना जालन्याला येणं जमलं नव्हतं, तिथं त्यांना खाटेवर बसवून आणता येईल. तिसऱ्या भागात मुलांसाठी आणखी एक मधला आवाज घालावा असं माझ्या मनात आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय लिहीत नाही.

तुमची पेटी दुरुस्त होऊन आली. काळी चारची पट्टी आता चिकटत नाही, भात्याचं कातडंही नवं लावलं आहे. निळी वही पेटीच्या झाकणात ठेवली आहे. रविवारी चारला दोन पोरं पेटी घेऊन येतील. जिना चढताना त्यांना घाई करू देऊ नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरच्या क्लासवाली
जालना