तुझी ती ओल

पुणे, रविवार

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. दीड वर्ष झालं, तुला पत्र नाही की फोन नाही. आक्कांच्या दिवसांनाही आलो नाही, त्याची रुखरुख अजून जात नाही. तब्येत बरी आहे. साखरेची गोळी चालू, हिचे गुडघे तसेच. ते सोड.

आज लिहायला बसलो ते तुझी ओल दिसली म्हणून. तीही कुठं, तर अमेरिकेत.

थोरलीकडं फ्लोरिडात दोन महिने होतो. एका शनिवारी जावई ऑरलँडोजवळ डिस्नेच्या ‘अ‍ॅनिमल किंगडम’मध्ये घेऊन गेले. १९९८ साली उघडलेली बाग. मधोमध १४५ फुटी झाड आहे, सगळं बांधलेलं. आत समुद्रातल्या तेलविहिरीला असतो तसला लोखंडी सांगाडा, खोडाफांद्यांवर ३०० च्या वर प्राणी कोरलेले, पानं लाखाच्या वर. सगळे त्याचे फोटो काढत होते. मलाही आवडलं, पण मी अडकलो पुढं. तिथं आनंदपूर नावाचं गाव उभं केलंय. कुठल्याच नकाशात नाही, पण थोडं आपल्याकडचं, थोडं नेपाळकडचं. दुकानात राजा-राणीची तसबीर, वायरींचा गुंता, भिंतीवर हातानं रंगवलेल्या जाहिराती, त्याही उन्हानं विटलेल्या.

तिथं एका खिडकीखाली मी उभा राहिलो. खिडकीला गज. गजाच्या बुडातून गंजाचा ओघळ भिंतीवर उतरलाय, वर गडद, खाली येईल तसा फिका होत होत विरलेला. शेजारच्या भिंतीचा गिलावा उडालाय तो बरोबर सायकल टेकते त्या उंचीवर, त्याच्या वर नाही की खाली नाही. मी बोट ओलं करून ओघळावरनं फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. रंग होता रे! नात म्हणाली, “आजोबा, घाण आहे, हात लावू नका.”

मला तिथंच १९९३ आठवलं. आपल्या मंडळाचा गणपतीचा देखावा, पन्हाळ्याचा तीन दरवाजा. उद्या प्रतिष्ठापना, मंडप अर्धा उघडा, पेंटरकाका डोक्याला हात लावून बसलेले, आणि तू रात्री दोन वाजता स्पंज नि चहाचं पाणी घेऊन पन्हळीखाली ओल काढत बसलेला. मी ओरडलो, “लोक गणपती बघायला येतात, ओल बघायला नाही!” तू डबा आपटून निघून गेलास ते गौरी विसर्जनापर्यंत तोंड दाखवलं नाहीस. शेवाळ भिंतीच्या कुठल्या अंगाला धरतं ते बघायला तू दोनदा एस.टी.नं पन्हाळ्याला गेला होतास, हे मला नंतर अण्णांनी सांगितलं. मी त्यावर कधी बोललो नाही. आज बोलतो. तू बरोबर होतास मर्दा, आणि मी सगळ्या पोरांसमोर तुला बोललो, ते चुकलंच.

ओल कुणी बघत नाही, हे खरंच आहे. पण ती नसली की माणसाला कुठंतरी खोटं वाटतं, का ते सांगता येत नाही. तिथं सफारीच्या गाडीचा रस्ता बघ. चिखलातल्या चाकोऱ्या वाटतात आणि आहे रंगवलेलं काँक्रीट. ओलं असताना त्यात चाकं उठवलीत, दगड-पानं दाबलीत. गाडीत बसलेला कोण खाली वाकून बघतो? पण रस्ता गुळगुळीत असता तर शेजारचा हत्तीसुद्धा सर्कशीतला वाटला असता.

ही सगळी बाग ज्यांच्या डोक्यातनं निघाली ते जो रोडी. तिथला एव्हरेस्टचा डोंगरही त्यांचाच, २००६ चा. आतनं रोलर कोस्टरची गाडी धावते. बांधायच्या आधी माणसं घेऊन हिमालयात जाऊन आले. उंची २०० फुटांच्या जरा आतच ठेवलीय, कारण त्यावर गेलं की विमानांसाठी माथ्यावर लाल दिवा लावावा लागतो, आणि हिमालयावर दिवा कसा चालेल? एवढ्याशा दिव्यासाठी डोंगर अडवला! आणि आपण तीन दरवाज्याच्या कमानीतनं ट्यूबलाइट लोंबकळत ठेवली होती.

हसशील असं एक सांगतो. त्या डोंगरात मोठा थोरला यती आहे, गाडीवर झेप घेणारा. उघडल्यावर थोड्याच काळात त्याचं हलणं बंद पडलं, तेव्हापासून नुसते लुकलुकते दिवे मारून तो हलतोय असं दाखवतात. मला आपल्या देखाव्यातला हलता अफजलखान आठवला. पाचव्या दिवशी त्याचा हात अडकला आणि तू चार रात्री स्टेजखाली बसून दोरी ओढलीस. त्यांना कुणी बाळू मिळाला नाही, एवढंच.

आता खरं दुखणं सांगतो. हायवेवर एकानं मोठी बाग काढलीय, त्यात ‘जुनं गाव’ करायचं काम माझ्याकडं आलंय. वाडा, पार, चावडी आणि आड. मालकाची माणसं म्हणतात, मागच्या भिंतींना फ्लेक्स लावा, पुढं सेल्फीपुरतं करा. त्यांच्याशी भांडून भिंती मिळवल्या. पण आडापाशी येऊन अडकलो. आडाचा काठ फायबरचा, दगड छान उतरलाय. दोरानं पडलेल्या खाचा काढा म्हणून पोरांना सांगितलं, तर त्यांनी ग्राइंडर लावून गोल सगळीकडं सारख्या अंतरावर खाचा पाडल्या. करंजीची कड वाटतेय. पोरं कष्टाळू आहेत, हात चांगले आहेत, पण त्यातल्या एकानंही पोहरा सोडलेला नाही. त्यांना काय बोलणार? मी पुसून परत काढायला बसलो आणि लक्षात आलं, मलाही नक्की आठवत नाही. बाई उभी राहायची त्याच बाजूला खाचा असतात, एवढं आठवतं. पण किती? खाच सरळ जाते का तिरकी, कारण ओढणारी जरा बाजूला वळते? आतल्या कडेला खोल का बाहेरच्या? तीन रात्री झोप नाही. ही म्हणते, आडाच्या खाचेसाठी कोण जागतं. तिला काय सांगू? बाळू जागायचा म्हणून सांगितलं.

आनंदपूर बघून आल्यापासनं एक भीती बसलीय. खरा आड वापरताना बघितलेली माणसं आपल्या वयाची, आणि ती एकेक करून चालली. आक्का असत्या तर त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं, कितव्या खाचेवर दोर घसरायचा ते. पुढची पोरं आड करतील तेव्हा आम्ही चुकीचा केलेला आड बघूनच करतील. म्हणून हा एक तरी बरोबर व्हायला पाहिजे.

तुझं कसं चाललंय? ऊस गेला का? सूनबाईंची बदली झाली असं कळलं, कुठं ते कळव. वहिनींना नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस.

तुझ्या वाड्यातल्या आडावर रहाट बसवला तो तुझ्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे त्याआधीच्या खाचा तशाच असणार. झाकण काढून बघ. किती आहेत, कुठल्या अंगाला आहेत, बोट घालून कुठल्या पेरापर्यंत जातं, ते लिही. जमलं तर ओली कणीक दाबून ठसा घे आणि वाळवून एस.टी.च्या पार्सलनं पाठव. गुरुवारी काठावर रंग चढतो, त्याच्या आत पोचलं पाहिजे.

आणि स्वतःच घेऊन आलास तर पन्हळीखालची भिंत मी अजून कोरी ठेवलीय.

तुझा,
दत्ता