अँटीबॉडीचा नुसता आकडा पुरेसा नाही

महोदय,

हजला जाण्यापूर्वी मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतुसंसर्गाची) लस घ्यावीच लागते. आमच्या भुसावळातल्या गल्लीतले चाचा लस घेऊन आले आणि मला विचारू लागले, ‘भाऊ, मना अंगमां कितल्या अँटीबॉडी शेत?’ जन्म लॅबमध्ये गेला म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात.

एलायझा चाचणीत अँटीबॉडी जिवाणूच्या आवरणाला किती चिकटतात ते कळते. पण चिकटणे वेगळे, मारणे वेगळे. त्यासाठी ‘सीरम बॅक्टेरिसायडल’ चाचणी असते. रक्तातला सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवतात, म्हणजे त्यातले स्वतःचे कॉम्प्लिमेंट (अँटीबॉडीला जिवाणू मारायला मदत करणारी रक्तातली प्रथिने) निकामी होते. मग तो दुपटीने पातळ करत जायचा, त्यात जिवंत जिवाणू आणि बाहेरचे कॉम्प्लिमेंट घालायचे. दुसऱ्या दिवशी प्लेटवर, जगलेल्या जिवाणूंच्या वाढीचे, साबुदाण्याहून बारीक, चकचकीत ठिपके मोजत बसायचे. मान मोडते! ज्या पातळपणापर्यंत निम्मे जिवाणू मरतात, तो टायटर. १९६९ साली अमेरिकन सैनिकांवरील अभ्यासातून मानवी कॉम्प्लिमेंटसह १:४ (म्हणजे सीरम चौपट पातळ करूनही निम्मे जिवाणू मरणे) हा संरक्षणाचा निकष पुढे आला. सशाच्या पिलांचे कॉम्प्लिमेंट वापरले की टायटर वाढून दिसतो, म्हणून दोन्हींची थेट तुलना करू नये.

आफ्रिकेत २०१० पासून दिलेली, पुण्यात तयार झालेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही मेनिंजायटिसची लसही याच चाचणीवर पारखली गेली. आपल्या विद्यापीठाने विज्ञानाच्या मुलांना हे तंत्र, निदान निरुपद्रवी जिवाणूंवर तरी, हाताने करू द्यावे.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, भुसावळ